मास्टरिंग द आर्ट ऑफ फ्रेंच कुकिंग, जुना पहिला भाग: 'पहिली आवृत्ती' म्हणतोय, घेऊ का?

कोथरूडची_सुगरण
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल पण वाचा प्लीज. माझ्या मावशीकडे अमेरिकन पाककला-लेखिका ज्युलिया चाइल्डच्या या पुस्तकाचे दोन्ही भाग होते, सत्तरच्या दशकात काकांच्या नोकरीमुळे ते अमेरिकेत होते तेव्हा घेतलेले. पहिला भाग कोणीतरी वाचायला म्हणून नेला तो गेलाच. दुसरा माझ्याकडे आहे आणि त्याच्या समासात मावशीने पेन्सिलीने लिहून ठेवलंय, "लोणी निम्मं पुरतं", "आपला मैदा पाणी जास्त पितो", ब्रेडच्या पानावर तर "थंडीत दुप्पट वेळ, घोंगडीत गुंडाळणे". मावशी गेल्या वर्षी गेली. मला पहिला भाग हवाय, त्याच्या शेजारी ठेवायला आणि त्यातून करून बघायलाही.

परवा रविवारी जुन्या बाजारात एकाकडे दिसला. म्हणे ताई १९६१ ची पहिली आवृत्ती आहे, बाहेर हिला लाखात मागणी आहे, तुम्हाला ६००० ला देतो. वरचं कागदी जॅकेट नाहीये, कोपरे झिजलेत, सुरुवातीच्या पानांवर तपकिरी ठिपके आहेत. कॉपीराइटच्या पानाचा फोटो काढून आणलाय, त्यावर १६ ऑक्टोबर १९६१ अशी तारीख आहे पण खाली रीप्रिंटेड असंही काहीतरी आहे. बुधवारपर्यंत बाजूला ठेवतो म्हणालाय. घेऊ का?

नारायणपेठी_पुस्तकवेडा
ताई, ६००० अजिबात देऊ नका. रीप्रिंटेड लिहिलंय ना, मग विषयच संपला. न्यूयॉर्कचे क्नॉफ प्रकाशक मूळ तारीख प्रत्येक छपाईत तशीच ठेवायचे आणि खाली कितव्यांदा छापलं ते टाकायचे, त्यामुळे विकणारा वरची १९६१ ची ओळ बघतो आणि खरंच मनापासून पहिली आवृत्ती समजतो. खऱ्या पहिल्या छपाईच्या त्या पानावर सरळ फर्स्ट एडिशन असं छापलेलं असतं.

आणि पहिली छपाई असती तरी जॅकेटशिवाय तिचा भाव बराच उतरतो. संग्राहक जास्त पैसे मोजतात ते जॅकेटला. मूळ जॅकेटच्या आतल्या घडीवर १० डॉलर किंमत छापलेली असते, बरेचदा कोणीतरी भेट देताना तो कोपरा कात्रीने उडवलेला असतो, मग भाव उतरतो. किंमतच छापलेली नसेल तर प्रत बुक क्लबची, म्हणजे सभासदांसाठी वेगळी छापलेली, असू शकते, मागच्या पुठ्ठ्यावर खाली बारीकसा दाबलेला ठसा आहे का ते बोट फिरवून बघायचं. तुमच्या प्रतीला मी हजार, फार तर दीड हजार देईन.

कोथरूडची_सुगरण
बापरे, बरं झालं विचारलं. पण मला संग्रहापेक्षा वापरायला हवंय, मग जुनं घ्यावं की नवीन?

ओव्हनवाली_औंध
अगं वापरायला असेल तर जुनं रीप्रिंट मस्तच. १९८३ ला सुधारित आवृत्ती आली त्यात फूड प्रोसेसर वगैरे घातलाय, पण पाककृती मांडायची पद्धत तीच, डावीकडे त्या टप्प्याला लागणारं सामान आणि उजवीकडे कृती. हे मला कुठल्याच पुस्तकात इतकं सोयीचं वाटलं नाही, कणकेचे हात असताना पानं मागेपुढे करावी लागत नाहीत. मापं अमेरिकन आहेत, आणि ओव्हन फॅरेनहाइटमध्ये, ३५० म्हणजे आपले साधारण १७५ सेल्सिअस, तो तक्ता मी मुखपृष्ठाच्या आतच चिकटवलाय.

एक मात्र महत्त्वाचं, आणि हे तुझ्याकडच्या दुसऱ्या भागाबद्दल आहे. तो १९७० चा. त्यात फ्रेंच ब्रेडसाठी ओव्हनमध्ये ॲस्बेस्टॉस सिमेंटची फरशी ठेवायला सांगितलंय. ॲस्बेस्टॉस फुफ्फुसांना घातक असतं याची तेव्हा सर्वसामान्य लोकांना फारशी कल्पना नव्हती. नंतरच्या छपाईत ते बदललं. तू साधी न रंगवलेली मातीची फरशी वापर, मी तीच वापरते आणि ब्रेडचं कवच छान कडक येतं. मावशींच्या नोंदीखाली तूही एक ओळ लिहून ठेव, पुढे कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

कसरीचा_वैरी
भावाबद्दल वर बोलणं झालंच, मी फक्त पुण्याच्या पावसाबद्दल बोलतो. ठिपक्यांना घाबरू नका, ते जुन्या कागदाला येतातच. पण पुस्तक मधोमध उघडून शिवणीत बघा, चंदेरी किडे किंवा भुसा दिसला तर कसर आहे. नाक लावा, कुबट वास येत असेल तर बुरशी आत गेलीये. घरी आणल्यावर पंधरा दिवस बाकीच्या पुस्तकांपासून लांब ठेवा, सावलीत उघडून वारा द्या, उन्हात नको, बांधणीचा डिंक सुकून पानं सुटतात. हे मी शिकलो ते एक अख्खं कपाट गमावून.

ऑनलाइन मागवायचं झालं तर फोटो मागितल्याशिवाय पैसे देऊ नका. मी एका परदेशी विक्रेत्याकडून उत्तम स्थितीत म्हणून मागवलं, आलं ते लायब्ररीतून काढलेलं, आत शिक्के आणि कार्डाचा खिसा. सातशेच्या वर पानांचं पुस्तक, टपालखर्चच पुस्तकाहून जास्त झाला. लंडनच्या कॅसलने १९६३ ला काढलेली इंग्लंडची आवृत्तीही असते, आपल्याकडे कधीकधी तीच सापडते, स्वयंपाकाला तीही चांगली.

कोथरूडची_सुगरण
आज गेले होते. फोटोतलं रीप्रिंटेड दाखवलं, भांडले नाही, नीट समजावून सांगितलं. १२०० ला दिलं त्याने, वर एक पिशवीही दिली. शिवण घट्ट आहे, कसर नाही. मुखपृष्ठावर सिमोन बेक, लुईझेत बेर्तोल आणि मग ज्युलिया चाइल्ड असा तिन्ही लेखिकांच्या नावांचा क्रम आहे, माझ्या दुसऱ्या भागावर लुईझेत नाहीच. कांद्याच्या सूपच्या पानावर तुपकट गोल डाग आहे, वाटी ठेवल्यासारखा, म्हणजे ज्याचं होतं त्यानेही केलंय. शनिवारी तेच करणार. दीड पाउंड कांदे परतायला जितका वेळ लागेल तितका देणार आहे, पण अर्धा कप ड्राय व्हाइट वाइन लागते, नाशिकची कुठली घेऊ ते सांगा.