शब्दचर्चा : ‘स्पर्शपडद्यावरील हस्तक्षेप कमी करा’ म्हणजे नेमकं काय करा?

तळटीप :
टचस्क्रीन बसवलेल्या एका यंत्राची माहितीपुस्तिका मराठीत आणते आहे. त्यात एक अख्खं प्रकरण इलेक्ट्रोमॅग्नेटिक इंटरफिअरन्स (नको त्या विजेमुळे यंत्राच्या कामात होणारी गडबड) कसा कमी करावा यावर आहे. मी ‘विद्युतचुंबकीय व्यतिकरण’ लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी ते सगळीकडे खोडून ‘हस्तक्षेप’ केलं. आता मथळा झालाय, ‘स्पर्शपडद्यावरील हस्तक्षेप कमी करण्याचे उपाय’. वाचणाऱ्याला वाटेल, पडद्याला हात कमी लावा असं सांगताहेत. पुस्तिका जोडणी करणाऱ्या तंत्रज्ञांसाठी आहे. काय लिहू?

जुना_खिळा :
‘व्यत्यय’ लिहा आणि मोकळ्या व्हा. हस्तक्षेप माणसं करतात, तोही बहुधा दुसऱ्यांच्या भांडणात. आणि व्यतिकरण म्हटलं की साबणाच्या फुग्यावरचे रंग आठवतात. तिथे दोन तरंग एकमेकांवर पडून कुठे वाढतात, कुठे मावळतात. तुमच्या पडद्यात तसं काही चाललेलं नाही, नको असलेली वीज घुसते आहे एवढंच.

निरुक्त :
व्यत्यय म्हणजे मुळात उलटापालट. पाणिनीचं सूत्रच आहे, ‘व्यत्ययो बहुलम्’. वेदात एका प्रत्ययाच्या जागी दुसरा येतो त्याबद्दल. अडथळा हा अर्थ आपण मागाहून चिकटवला. उलट ‘व्यतिकर’ म्हणजे मिसळण, सरमिसळ. हव्या संकेतात नको तो मिसळला, हेच तर सांगायचंय ना? पहिला शब्दच बरोबर होता.

जुना_खिळा :
पाणिनीला चार्जर लावून टाइप करावं लागत नव्हतं. ‘भाषणात व्यत्यय आला’ हे शाळकरी पोरालाही कळतं. तंत्रज्ञाने आधी सूत्रपाठ करायचा आणि मग स्क्रू पिळायचा का?

ओहम :
मी याच कामातला. तुम्ही सगळे ‘हस्तक्षेपा’ला हसताय, पण निम्म्या तक्रारींत तो शब्द अक्षरशः खरा आहे.

काचेखाली पारदर्शक इंडियम टिन ऑक्साइडच्या आडव्या-उभ्या रेषा असतात. एका बाजूने सिग्नल सोडायचा, दुसऱ्या बाजूने मोजायचा. बोट टेकलं की त्या जागी दोन रेषांमधला कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, किंचित घटतो, एका पिकोफॅरडच्याही (हे त्याचं चिमुकलं एकक) काही अंशाने. एवढ्याशा बदलावर सगळा डोलारा. आता सुमार चार्जर लावा. त्याच्या आतल्या स्विचिंगची धडधड ट्रान्सफॉर्मरच्या दोन बाजूंमधल्या कपॅसिटन्समधून पलीकडे येते आणि अख्खं उपकरण, ग्राउंडसकट (ज्याला शून्य मानून बाकीचं मोजतो ती जागा), जमिनीच्या मानाने वरखाली हलायला लागतं. गंमत अशी की सगळंच एकत्र हलत असल्यामुळे टच कंट्रोलरला, म्हणजे स्पर्श मोजणाऱ्या चिपला, पत्ताच नसतो. कुणी शिवलं नाही तर पडदा शहाण्यासारखा वागतो. बोट टेकलं रे टेकलं की शरीरामार्फत जमिनीशी नातं जुळतं आणि ती सगळी धडधड नेमकी बोटाखालच्या मोजणाऱ्या रेषेत उतरते. म्हणून खोटे स्पर्शही बहुतेकदा त्याच रेषेवर उमटतात. आला की नाही नॉइज, म्हणजे नको असलेला सिग्नल, हातातून?

तळटीप :
म्हणजे तपासणारे बरोबर ठरले? प्रकरणाचा दुसरा भाग मात्र डिस्प्लेच्या नॉइजबद्दल आहे. तिथे हाताचा काय संबंध?

ओहम :
तिथे काहीच नाही. एलसीडी दर ओळ रंगवताना व्होल्टेज बदलते, तो झटका वरच्या रेषांना लागतो. त्यावर उपाय म्हणजे मध्ये एक शील्डचा, म्हणजे नॉइज अडवणारा, थर घालायचा, हवेची फट वाढवायची, किंवा डिस्प्ले दोन चित्रांच्या मध्ये गप्प बसतो तेवढ्यात मोजून घ्यायचं. चार्जरच्या बाबतीत मोजण्याची फ्रिक्वेन्सीच बदलत राहायची, जिथे नॉइज कमी तिथे उडी. नाहीतर अनेकदा मोजून सरासरी काढायची. पण मग पडदा सुस्त होतो आणि लोक शिव्या देतात. आमच्यात दोन्हीला नॉइजच म्हणतात. इंटरफिअरन्स हा शब्द फक्त चाचणीच्या अहवालात.

जास्वंद :
नॉइजला ‘रव’ घ्या! नीरव आपल्याकडे आहेच. म्हणजे चांगला चार्जर तो नीरव चार्जर.

जुना_खिळा :
रव कोकिळेला ठेवा. रेडिओ लागत नसला की ‘खरखर’ म्हणायचे सगळे. अर्थ तोच, उगमही तोच. त्याला संस्कृतचं सोवळं कशाला?

जास्वंद :
खरखर कानाला ऐकू येते. पडद्यावरची कुठे ऐकू येते?

जुना_खिळा :
नॉइज तरी कुठे ऐकू येतो इंग्रजांना?

निरुक्त :
शील्डला मात्र ‘ढाल’ नको. ढाल हातात धरून फिरवायची वस्तू. हा थर एका जागी बसून असतो. ‘आडोसा’ कसा वाटतो?

ओहम :
आडोसा चालेल, पण त्याचीही एक खोड आहे. थर जवळ आणला की तोच मोजणीच्या रेषांवर कपॅसिटन्सचा बोजा टाकतो आणि बोटाचा परिणाम त्यापुढे फिका पडतो. म्हणून काही ठिकाणी त्या थराला रेषेच्याच तालावर व्होल्टेज देतात, म्हणजे दोघांत फरक उरत नाही. असा ‘चालता आडोसा’ मराठीत कसा म्हणणार?

आणखी एक सांगून ठेवतो. पुस्तिकेत ग्राउंडला ‘भूसंपर्कन’ केलं असेल तर आत्ताच काढा. हातातल्या, बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणाच्या ग्राउंडचा भूमीशी काहीही संपर्क नसतो. नसतो म्हणून तर वरची सगळी भानगड. ‘ग्राउंड’ म्हणजे फक्त ज्याला शून्य मानून बाकीचं मोजतो ती जागा. तंत्रज्ञाने तो शब्द वाचून वायर जमिनीत गाडायला घेतली तर दोष कुणाचा?

निरुक्त :
मग ‘शून्यतळ’.

जुना_खिळा :
अर्थिंग. पिढ्यान्‌पिढ्या वायरमन अर्थिंग म्हणतात.

ओहम :
अहो, अर्थिंग म्हणजे जमीनच झाली! तोच घोळ, फक्त इंग्रजीतून.

तळटीप :
थांबा जरा. बोट नसताना उमटणाऱ्या खोट्या स्पर्शाला काय म्हणायचं तेही सुचवा. ‘भूतस्पर्श’ लिहिलंय. भूतकाळातला स्पर्श वाटेल अशी धास्ती आहे.

जास्वंद :
चकवा! रानात वाट चुकवतो तो चकवा. ‘पडद्याला चकवा लागला’. तंत्रज्ञ जन्मात विसरणार नाहीत.

निरुक्त :
चकवा माणसाला लागतो, पडद्याला कसा लागेल? पण असो, शब्द गोड आहे. मला जास्त खटकतंय ते ‘विद्युतचुंबकीय’. विद्युत् अधिक चुंबक म्हणजे विद्युच्चुंबक. संधी करायचा तर पुरता करा, नाहीतर दोन शब्द वेगळे लिहा.

जुना_खिळा :
मराठीत व्यंजनान्त तत्सम शब्दांचे पाय मोडत नाहीत. विद्वान, परिषद, तसंच विद्युत. पायच मोडला नाही तर संधी कसला होणार? आज विद्युच्चुंबक, उद्या विद्युन्मंडळ म्हणाल.

निरुक्त :
विद्युल्लता म्हणताना मात्र बरी होते तुमच्या जिभेला संधी.

जुना_खिळा :
ती सासरी येतानाच तशी आली. आम्ही घरी घडवली नाही.

ओहम :
आमच्या अहवालात तीन अक्षरं असतात, ईएमआय, इलेक्ट्रोमॅग्नेटिक इंटरफिअरन्सचं लघुरूप. ती ठेवा.

तळटीप :
ईएमआय लिहिलं तर लोक कर्जाचा हप्ता समजतील, ओहम. ‘हप्ता कमी करण्याचे उपाय’ असं वाचून पुस्तिका नक्कीच जास्त खपेल.

जास्वंद :
आणि ‘स्पर्शपडदा’ कुणालाच खटकला नाही का? पडदा दांडीवर लोंबतो, त्याला हात लावला की हलतो. पटल म्हणा की.

निरुक्त :
पटल म्हणजे डोळ्यावर येणारा पापुद्रासुद्धा. बघा बुवा.

जुना_खिळा :
सिनेमाचा पडदा कधी हात लावून हलवलात?