शब्दचर्चा : ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड’ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादक (प्रश्न) : नागपुरातल्या शाळांसाठी ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड’ वागण्याची, म्हणजे मुलाच्या मनाला आघात झालेला असू शकतो हे लक्षात ठेवून त्याच्याशी वागण्याची, प्रशिक्षण पुस्तिका मराठीत करायची आहे. ती शिक्षकांसोबत शिपाई, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई आणि व्हॅनवाले काकाही वाचतील. कच्च्या मसुद्यात ‘आघात-सूचित दृष्टिकोन’ आहे. खटकतं. ‘ट्रॉमा’ तसाच ठेवावा का?

समुपदेशक : नका ठेवू. नागपुरात ‘ट्रॉमा’ म्हटलं की मेडिकलचं (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाचं) ट्रॉमा केअर सेंटर डोळ्यांपुढे येतं : अपघात, फ्रॅक्चर, ॲम्ब्युलन्स. ऐकणारा चुकत नाही, ग्रीकमध्ये या शब्दाचा अर्थ जखम असाच आहे. पण इथे दिसणारी जखम नाही. ‘सूचित’ तर बादच करा. मराठीत सूचित म्हणजे सुचवलेलं, आणि शाळेच्या कागदावर तो ‘अनुसूचित’चा भाऊ वाटतो. शीर्षकात ‘आघातसजग’ चालेल.

भाषा-शिक्षक : शीर्षकापुरता ठीक. पण आघात एका फटक्याचा वाटतो; वर्षानुवर्षं आबाळ झालेलं मूल त्यात बसत नाही. अमेरिकेतल्या ‘सॅम्सा’ या सरकारी संस्थेच्या २०१४ च्या व्याख्येत तीन गोष्टी आहेत : घटना, तिचा त्या व्यक्तीला आलेला अनुभव आणि मागे उरलेला परिणाम. मराठीत हा फरक आधीच आहे. धक्का बसतो, धसका राहतो. मजकुरात ‘धसका’ लिहा, शिपाईकाकांना समजावून सांगावं लागणार नाही.

समुपदेशक : ‘धसका’ उत्तम. आणखी तीन शब्द बदला.

‘पुनर्आघात’ऐवजी ‘खपली काढणे’. “नेमकं काय झालं, सगळं सांग” असं स्टाफरूममध्ये चार जणांसमोर विचारणं म्हणजे खपली काढणंच.

‘गोठणे’ऐवजी ‘थिजणे’. घाबरलेलं शरीर लढतं, पळतं किंवा थिजतं. थिजलेल्या पोराला शाळेत ‘मख्ख’, ‘ढिम्म’ म्हणतात आणि वरून आवाज चढवतात, त्यामुळे ते आणखी थिजतं. सर्वांत जास्त चूक इथेच होते, म्हणून या शब्दाला पुस्तिकेत अख्खं पान द्या.

‘भावनिक नियमन’ऐवजी ‘जीव थाऱ्यावर आणणे’. नियमन ट्रॅफिकचं करतात. कृतीही सोप्या वाक्यांत लिहा : मागून येऊन खांद्यावर हात ठेवू नका. समोरून, थोडं बाजूला, मुलाच्या उंचीला बसा. दोनच छोटी वाक्यं बोला. दाराजवळ बसायचं की खिडकीजवळ, हे त्यालाच ठरवू द्या. श्वास चार आकडे आत, सहा आकडे बाहेर, असं पाच वेळा. “डोळे मिट” म्हणू नका. धसका घेतलेल्या मुलाला अंधारात आणखी भीती वाटू शकते. नजर फरशीवर ठेवली तरी पुरे. आधी जीव थाऱ्यावर, मग विचारपूस. हा क्रम उलटला की सगळं फसतं.

भाषा-शिक्षक : विचारपुशीचा प्रश्नही आपल्या बोलीत छापा. “काऊन असा करतो बे?” यात आरोप आहे. “काय झालं रे बाळा?” यात जागा आहे. दोन्ही शेजारी शेजारी ठेवा, व्याख्येपेक्षा लवकर कळेल.

अनुवादक : ‘गोपनीयता’ तसाच ठेवू?

समुपदेशक : तो शब्द सर्वांत जपून वापरा. कर्मचारी त्याचा अर्थ ‘कोणालाच सांगायचं नाही’ असा घेतात आणि मुलाला तसं वचन देऊन बसतात. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पॉक्सो कायदा, २०१२, कलम १९ प्रमाणे ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवावीच लागते. वचन मोडलं की मुलाचा उरलासुरला विश्वासही जातो. चौकटीत हे वाक्य टाका : “तू सांगितलंस ते मी सगळ्यांना सांगत फिरणार नाही. पण तुला जपायला ज्यांना सांगावंच लागेल, त्यांना सांगीन, आणि त्याआधी तुला सांगीन.”