ऑक्टोबरात ड्रेस्डेनला पोहोचतोय : पहिल्या महिन्यात काय काय करावं लागतं?

वाघूरकाठ :
नमस्कार मंडळी. मी भुसावळचा. मेकॅनिकलचं बी.ई. झालंय, ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात मास्टर्सला प्रवेश मिळालाय, व्हिसाही हातात आहे. २ ऑक्टोबरला पोहोचतोय. व्हिडिओंमध्ये एल्ब नदी दिसते, ट्राम दिसते, ख्रिसमसचा बाजार दिसतो. पण पहिल्या महिन्यात नेमकं काय करायचं असतं ते कुणी सांगत नाही. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. कागदपत्रं कुठल्या क्रमाने करायची? आई तूप, काळा मसाला, बिबडे, भरताची वांगी असं सगळं भरायला बसलीय, त्यातलं काय चालेल? आणि तिथलं शिकवणं आपल्यापेक्षा कितपत वेगळं असतं?

अमळनेर_लाइपझिग :
आधी कागदांचं सांगतो, कारण तिथे क्रम चुकला की महिना अडकतो.

पहिलं काम पत्त्याची नोंदणी. तिला आनमेल्डुंग म्हणतात. खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत बुर्गरब्युरोत (नागरी सेवा कार्यालयात) जाऊन ती करायची, असा कायदा आहे. पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि घर देणाऱ्याने सही केलेला वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग नावाचा एक पानी दाखला लागतो. बहुतेकांचं इथेच चुकतं. भाडेकरार घेऊन जातात आणि परत पाठवले जातात, कारण करार म्हणजे हा दाखला नव्हे. तात्पुरती खोली घेणार असशील तर पैसे भरण्याआधी विचार, 'हा दाखला देणार का?' नाही म्हणाले तर ती खोली नोंदणीच्या कामाची नाही. ऑक्टोबरात सगळे विद्यार्थी एकदम येतात, म्हणून वेळ भुसावळहूनच ऑनलाइन घेऊन ठेव.

दुसरं, टपालपेटी. तिकडे पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन पेटीवरचं नाव वाचून टपाल टाकतो. तुझं आडनाव पेटीवर नसेल तर पत्र परत जातं. आणि पहिल्या महिन्यात सगळं महत्त्वाचं टपालानेच येतं : कर क्रमांक, बँकेचं कार्ड, पिन, विम्याचं कार्ड. चावी मिळाली त्याच दिवशी पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगने आडनाव लिहून पेटीवर आणि बेलवर चिकटव. भागीदारीच्या फ्लॅटमध्ये बाकीच्यांच्या नावांखाली तुझंही लाव.

पैशांचं असं, की ब्लॉक्ड अकाउंटमधले (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या, दरमहा ठरावीक रक्कमच देणाऱ्या खात्यातले) महिन्याचे ९९२ युरो उतरल्या दिवशी हातात पडत नाहीत. आधी तिथलं चालू खातं उघडायचं, ते ब्लॉक्ड अकाउंटला जोडायचं, मग पहिला हप्ता येतो. पण भाडं आणि अनामत तोवर थांबत नाहीत. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी घेता येते (हीटिंग वगैरे सोडून), आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत द्यायचा हक्क भाडेकरूला कायद्याने आहे. तो मागून घे. तरी फॉरेक्स कार्डावर दीड-दोन हजार युरो असू देत, त्यापेक्षा कमी घेऊन निघू नये असं माझं मत आहे.

नोंदणीनंतर थोड्याच दिवसांत रुंडफुंकबाइट्रागचं पत्र येईल. रेडिओ-टीव्हीची वर्गणी, महिना १८.३६ युरो. टीव्ही नाही म्हणून ते फेकू नकोस. वर्गणी माणशी नसते, घरटी असते. फ्लॅटमधला कुणी भरत असेल तर त्याचा वर्गणी क्रमांक कळवायचा, म्हणजे तुला वेगळी भरावी लागत नाही.

निवास परवान्याचा अर्ज व्हिसाची मुदत संपायच्या आत गेलाच पाहिजे. परदेशी नागरिकांच्या कार्यालयात वेळ मिळायला फार उशीर लागतो, तेव्हा नोंदणी झाली की लगेच त्याच्या मागे लाग.

आणि तुझी तारीख २ आहे म्हणून खास : ३ ऑक्टोबर हा जर्मन एकीकरण दिन, दुकानं बंद. ३ तारखेला शनिवार आला तर ४ चा रविवारही बंदच. २ च्या संध्याकाळी ब्रेड, दूध, तांदूळ घेऊनच खोलीवर जा. अडलंच तर मुख्य रेल्वे स्टेशनातली दुकानं सुट्टीलाही उघडी असतात.

चोपड्याची_ताई :
सामानाचं मी सांगते भाऊ. तूप नाही, पेढे नाहीत, खवा नाही. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, घरचं असो की विकतचं. आईला वाईट वाटेल, पण विमानतळावर डबा कचऱ्यात जाण्यापेक्षा हे बरं. तिथलं बिनमिठाचं लोणी मंद आचेवर कढवलं की छान तूप होतं. पाव किलोच्या वडीचं साधारण दोनशे ग्रॅम.

ताजी वांगी, मिरच्या, कढीपत्ता यांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, म्हणजे तेही नाही. या नियमातून फक्त पाच फळं सुटली आहेत : अननस, नारळ, डुरियन, खजूर आणि आपली केळी! पण केळी नेऊ नकोस, काळी पडतील. तिथे दुकानात मिळतात तीही कॅव्हेंडिशच, आपल्या ग्रँड नैनच्याच कुळातली.

काळा मसाला, बिबडे, कुरडया, पापड, शेव, डाळी, कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ खुशाल ने. मसाला दोन पिशव्यांत सीलबंद कर आणि वर इंग्रजीत नाव लिही. बिनलेबलच्या काळ्या पावडरीवर प्रश्न विचारले जातात. पीठ दोन किलोच्या वर नको, ज्वारीचं पीठ भारतीय दुकानात मिळतं.

वाघूरकाठ :
ताई, मग भरताचं काय? आणि तवा, कुकर न्यायचा का? हॉस्टेलच्या किचनमध्ये अलार्म वाजतो म्हणे.

चोपड्याची_ताई :
आधी शेगडी कोणती आहे ते विचारून घे. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर चालत नाही. बुडाला लोहचुंबक चिकटला तरच भांडं चालेल. काचेची साधी विजेची शेगडी असेल तर कुठलाही धातू चालतो, पण बूड सपाट हवं. आपला खोलगट तवा मध्येच टेकतो आणि भाकरी कडेने कच्ची राहते. शिवाय ही शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली असते. गॅसच्या सवयीने फोडणी तिच्यावरच ठेवली तर लसूण जळतो, म्हणून भांडं उचलून बाजूला ठेवायचं.

भरीत ओव्हनमध्ये होतं. वांग्याला काट्याने सात-आठ ठिकाणी टोच, नाहीतर फुटतं. तेलाचा हात लावून २२० अंशांवर ४५ मिनिटं, मध्ये एकदा उलटव. तिथली वांगी मोठी, जांभळी, पाणीदार असतात, आपल्या हिरव्या वांग्यांचा गर त्यांना नाही. म्हणून साल काढल्यावर गर दहा मिनिटं चाळणीत निथळू दे. मिरच्याही त्याच ट्रेमध्ये शेवटची दहा मिनिटं ठेव. तव्यावर भाजल्यास की अलार्म ठरलेला. काडीकाट्यांवरच्या भाजणीचा धुराचा वास मात्र येणार नाही.

अलार्मचं नीट लक्षात ठेव : धूर झाला की खिडकी उघडायची, कॉरिडॉरचं दार नाही. बऱ्याच हॉस्टेलांत कॉरिडॉरमधले सेन्सर मध्यवर्ती यंत्रणेला जोडलेले असतात. धूर तिथे गेला तर पूर्ण इमारत खाली उतरते, अग्निशमनची गाडी येते आणि तिचा खर्च तुझ्यावर येऊ शकतो.

गिरणा_डावा_कालवा :
शिकवण्याबद्दल. तिथे तासाला डी.एस. म्हणतात, म्हणजे दुहेरी तास, ९० मिनिटांचा. पहिला सकाळी ७:३० ला. बहुतेक लेक्चरना हजेरी नाही, टर्मवर्क नाही, युनिट टेस्ट नाही. ऐकायला मोकळं वाटतं आणि मुलं तिथेच फसतात, कारण पुष्कळ विषयांत सगळे गुण शेवटच्या एकाच परीक्षेवर असतात. त्या परीक्षेसाठी ठरलेल्या मुदतीत वेगळी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. कोर्सला नाव घातलं म्हणजे परीक्षेला घातलं असं नाही. मुदत गेली तर अभ्यास झालेला असूनही बसता येत नाही.

गुण उलटे असतात : १.० सर्वोत्तम, ४.० ला काठावर पास, ५.० नापास. प्रयत्नही मोजके मिळतात. बॅकलॉग साठवत नेण्याची आपली सवय इथेच सोडून जा भो. तुझ्या कोर्सचे परीक्षा नियम पहिल्याच आठवड्यात वाचून काढ, जर्मनमध्ये असले तरी भाषांतर करून.

लेक्चर संपलं की मुलं टाळ्या न वाजवता बाकावर बोटांच्या पेरांनी ठकठक करतात. ती दाद असते, दचकू नकोस.

अमळनेर_लाइपझिग :
एक राहिलंच. उन्हाळ्यात कूलरसाठी खिडकी उघडी ठेवायची आपली सवय तिथे उलटी पडते. हिवाळ्यात खिडकी दिवसभर तिरकी उघडी ठेवलीस तर भिंत गार पडते आणि खोलीतली वाफ तिच्यावर बसून बुरशी धरते. खोलीत कपडे वाळत घातले की आणखीच. बुरशीचा खर्च अनामतीतून कापला जाऊ शकतो. दिवसातून दोन-तीनदा पाच मिनिटं खिडकी पूर्ण उघडायची आणि तेवढा वेळ हीटर बंद ठेवायचा. याला श्टॉसल्युफ्टेन म्हणतात आणि भाडेकरारातही ते लिहिलेलं सापडेल. हीटरच्या खुंटीवर ३ म्हणजे साधारण २० अंश.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. तोवर आपल्याशी साडेतीन तासांचा फरक, नंतर साडेचारचा. रात्री ८ ला घरी फोन लावलास तर तेव्हा भुसावळला साडेबारा वाजलेले असतील, आईला आधीच सांगून ठेव.