नवाब अकबर बुगटी : २००६ आठवताना १९७३ विसरावे का?

मूळ मत

१५ ऑगस्ट २०१६ रोजी पंतप्रधानांच्या लाल किल्ल्यावरील भाषणात पाकिस्तानातील बलुचिस्तान प्रांताचा उल्लेख झाला आणि तेव्हापासून आपल्याकडच्या चर्चांत २००६ मध्ये मारले गेलेले बुगटी जमातीचे सरदार नवाब अकबर खान बुगटी यांना बलुच स्वातंत्र्याचे हुतात्मे म्हणण्याची पद्धत पडली आहे. मला ती मान्य नाही. १९७२ साली त्या प्रांतात पहिले लोकनियुक्त सरकार आले, त्यात नॅशनल अवामी पक्षाचे अताउल्ला मेंगल मुख्यमंत्री आणि गौस बख्श बिझेंजो राज्यपाल होते. इस्लामाबादच्या इराकी वकिलातीत शस्त्रसाठा सापडल्याचे निमित्त करून फेब्रुवारी १९७३ मध्ये झुल्फिकार अली भुट्टो यांनी ते बरखास्त केले, आणि बिझेंजोंच्या जागी राज्यपाल म्हणून बसले ते बुगटी. ऑगस्टमध्ये मेंगल, बिझेंजो आणि त्याच पक्षाचे नेते खैर बख्श मर्री यांना अटक झाली, तेव्हाही राज्यपाल तेच होते. त्या काळात बलुचिस्तानात झालेल्या लष्करी कारवाईला प्रांतातून जी मान्यता हवी होती, ती त्यांच्या नावाने मिळाली.

प्रतिसाद १

असहमत. अयूब खान यांच्या राजवटीत लष्करी न्यायालयाने शिक्षा ठोठावल्यामुळे बुगटी १९७० ची निवडणूक लढवू शकले नाहीत आणि पुढे नॅशनल अवामी पक्षाच्या सरकारातही त्यांना स्थान मिळाले नाही. त्या दुराव्यातून त्यांनी चूक केली, हे खरे. पण वर्षभराच्या आत ते राज्यपालपदावरून दूर झाले. १९८९-९० मध्ये मुख्यमंत्री असताना त्यांनी बेनझीर भुट्टो यांच्या केंद्र सरकारशी प्रांताच्या हक्कांसाठी उघड भांडण घेतले. सुई या गावचा नैसर्गिक गॅस १९५२ मध्ये त्यांच्याच भागात, डेरा बुगटीत, सापडला, १९५५ मध्ये कराचीला पोहोचला आणि प्रांताच्या राजधानीला, क्वेट्ट्याला, मिळायला १९८० चे दशक उजाडले. हा अन्याय ज्याने अखेरपर्यंत बोलून दाखवला, त्याचे मोल एका वर्षाच्या पदावरून ठरवू नये.

प्रतिसाद २

गॅसचा अन्याय निर्विवाद आहे, परंतु त्या गॅसच्या जमिनीच्या भाड्याचा पैसा नवाबांच्या हाती जात होता आणि डेरा बुगटीतील सामान्य माणूस चुलीत लाकडेच घालत होता, हेही सांगायला हवे. त्यांच्याच जमातीतील कलपर शाखेच्या कुटुंबांना १९९० च्या दशकातील वैरानंतर घरदार सोडून बाहेर पडावे लागले. प्रांताच्या हक्कांची मागणी करणाऱ्याने आपल्या सत्तेखालच्या माणसांना कोणते हक्क दिले, हा प्रश्न मला भुट्टोंच्या कारस्थानापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर

प्रतिसाद १ ला माझे म्हणणे इतकेच की मेंगल त्याच काळात तुरुंगात होते, १९७६ मध्ये त्यांचा मुलगा असदुल्ला कराचीत बेपत्ता झाला, तरी त्यांनी पद घेऊन तडजोड केली नाही. त्यांचे नाव आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही. लोकशाही मार्गाने निवडून आलेला माणूस मागे पडतो आणि बंदूक हाती घेतलेल्या सरदाराचे छायाचित्र सगळीकडे झळकते, याची मला मनापासून खंत वाटते.

प्रतिसाद १

बंदूक ही त्यांची पहिली निवड नव्हती. मार्च २००५ मध्ये डेरा बुगटीत रक्तपात झाल्यानंतरही सत्ताधारी पक्षाचे नेते चौधरी शुजात हुसेन आणि मुशाहिद हुसेन यांच्याशी त्यांची बोलणी झाली होती, आणि त्या प्रयत्नांवर पाणी फिरवले ते मुशर्रफ यांच्या लष्करी राजवटीने. २६ ऑगस्ट २००६ रोजी कोहलूच्या डोंगरांत ते मारले गेले तेव्हा ७९ वर्षांचे होते. कुलूप लावलेल्या पेटीतून त्यांचे दफन झाले, आणि त्यांच्या हत्येच्या खटल्यातून मुशर्रफ जानेवारी २०१६ मध्ये निर्दोष सुटले. सरदारशाहीबद्दलचे दोन्ही आक्षेप मी नाकारत नाही. पण त्यांच्या मृत्यूनंतर बलुच चळवळीचा जोर प्रांताच्या नैर्ऋत्येकडील मकरानकडे, म्हणजे तुर्बत आणि पंजगूरकडे सरकला, जिथे सरदारांचा वचक मुळातच कमी आहे आणि जिथली शिकलेली मुले कोणत्याही नवाबाची प्रजा नाहीत. ती मुले बुगटींच्या जमातीची नसूनही त्यांना आपले मानतात, आणि तसे मानताना १९७३ त्यांना माहीत नाही असे समजण्याचे काही कारण नाही.