विषय: शाळा निधी – अर्ज मागवायचे की नाही?

प्रेषक: सचिव

नमस्कार मंडळी,

इथे अमेरिकेत आपल्या मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमातले स्टॉल आणि वर्गणी मिळून शाळा निधीत ६,००० डॉलर जमले आहेत. सगळ्यात जास्त गल्ला सांबारवडीचा. सांबार म्हणजे आपली वऱ्हाडी कोथिंबीर, हे माहीत नसलेल्या दोन पुणेकरांनी वडी उलटसुलट करून "यात सांबार कुठंय?" असं विचारलं, त्या करमणुकीचे पैसे आपण लावले नाहीत.

कार्यकारिणीचा विचार असा: यवतमाळ जिल्ह्यातला दारव्हा तालुका घ्यावा, तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळांकडून अर्ज मागवावेत, १०० पैकी गुण द्यावेत आणि पहिल्या तीन शाळांना प्रत्येकी २,००० डॉलर द्यावेत. आठ पानी ऑनलाइन अर्जाचा नमुना जोडला आहे. हरकत असल्यास रविवारपर्यंत कळवा.

प्रेषक: भाऊ, एडिसन

हरकत आहे.

मंडळी, हा खेळ आपण ज्या देशात राहतो त्यानं खूप मोठ्या प्रमाणावर खेळून झालाय. २००९ साली ओबामा सरकारनं मंदीच्या पॅकेजमधून ४३५ कोटी डॉलर बाजूला काढले आणि राज्यांना सांगितलं, शाळा सुधारण्याचा आराखडा लिहा, ५०० पैकी गुण मिळवा, जिंकलात तर पैसे. 'रेस टू द टॉप' असं नावच होतं. पहिल्या फेरीत ४० राज्यं आणि वॉशिंग्टन शहर रांगेत उभे राहिले. मिळाले दोघांना, डेलावेअर आणि टेनेसी.

दुसऱ्या फेरीत आमच्या न्यू जर्सीचं काय झालं ते मला अजून आठवतं. एका प्रश्नात २००८ आणि २००९ च्या शिक्षणखर्चाची तुलना मागितली होती. आमच्या साहेबांनी भलत्याच वर्षांचे आकडे भरले. ४.८ गुण गेले. राज्य हुकलं किती गुणांनी? तीन. सुमारे ४० कोटी डॉलर त्या एका चौकटीत बुडाले आणि शिक्षण आयुक्ताला घरी जावं लागलं. पोरांच्या शिकण्याशी त्या चौकटीचा काय संबंध होता, सांगा!

आणि अर्ज लिहायला तरी सगळ्यांची सोय सारखी होती का? गेट्स फाउंडेशननं सुरुवातीला १५ राज्यं निवडून प्रत्येकाला अडीच लाख डॉलरपर्यंत मदत दिली, अर्ज लिहून देणारे सल्लागार नेमायला. बाकीच्यांनी ओरड केल्यावर दार उघडलं. म्हणजे स्पर्धेच्या आधीच एक स्पर्धा. आपल्या तालुक्यात ती कोण जिंकेल हे सांगायला ज्योतिषी नको. बसस्टँडजवळची, दहा मास्तरांची, कॉम्प्युटर येणाऱ्या क्लार्कची शाळा.

प्रेषक: ताई, विल्मिंग्टन

भाऊ, हरलेल्या राज्याची गोष्ट तुम्ही सांगितलीत, आता जिंकलेल्याची ऐका. आमचं डेलावेअर नुसतं गोड इंग्रजी लिहून पहिलं आलं नाही. राज्यातल्या सगळ्या शाळा-जिल्ह्यांनी आणि सगळ्या शिक्षक संघटनांनी त्या आराखड्यावर सह्या केल्या होत्या. एरवी ही माणसं एका टेबलावर चहा घेत नाहीत. स्पर्धेनं त्यांना बसवलं.

पुढचं सगळं छान झालं असं नाही म्हणणार मी. ५०० पैकी १३८ गुण शिक्षक आणि मुख्याध्यापक या भागाला होते, त्यातून शिक्षकांचं मूल्यमापन मुलांच्या परीक्षेतल्या प्रगतीला जोडलं गेलं आणि माझ्या शाळेत त्यावरून वर्षानुवर्षं धुसफुस चालली. २०१६ च्या सरकारी अभ्यासालाही मुलांच्या निकालावर या योजनेचा स्पष्ट परिणाम दाखवता आला नाही.

पण अर्ज नको तर मग काय? मागेल त्याला? आपण मागे एका शाळेला टॅब दिले, कारण कुणाचे तरी साडू तिथे होते. मी गेले तेव्हा ते कपाटात होते, खोक्यांसकट. किल्ली बदली होऊन गेलेल्या गुरुजींकडे. दोन ओळींचा अर्ज जरी घेतला असता तरी कळलं असतं की त्यांना टॅब नकोच होते.

प्रेषक: भाऊ, एडिसन

टॅबचं मान्य. ते साडू माझेच होते.

म्हणून काल मामांना फोन लावला. ते तिकडेच जिल्हा परिषदेत मास्तर होते, आता निवृत्त. नमुना अर्ज पाठवला आणि विचारलं, कसा वाटतो? त्यांचा आवाजी निरोप आला. जसाच्या तसा उतरवतोय, शुद्धलेखनवाल्यांनी क्षमा करावी:

"भाचेबुवा, राम राम. फॉर्म पायला. आठ पानं हायेत बाप्पा! आपल्या गावच्या शाळेत मास्तर दोन अन् वर्ग पाच. त्यातला एक मतदार यादीच्या कामाले लागला. उरला एक. तो पयलीले अक्षरं शिकवीन, पाचवीले भागाकार शिकवीन, का तुमचं पान नंबर सहा भरीन? मले रिटायर होऊन सात वर्सं झाली, पन काई अडलं का तो मायाच घरी येते. म्हनजे तुमचा फॉर्म मीच भरीन. मंग बक्षीस शाळेले देता का मले?

पीएम श्रीच्या वक्ती, म्हनजे केंद्राची ते निवडक शाळा सुधरवाची योजना, पायलं ना आमी. तालुक्यात जास्तीत जास्त दोन शाळा. पक्की इमारत पायजे, रॅम्प पायजे, पोरापोरींचं येगयेगळं संडास पायजे, अन् पट राज्याच्या सरासरीहून जास्त पायजे. खेड्यातल्या शाळेले ६० टक्के गुन, शहरातल्या शाळेले ७०. सूट देल्ली, नाई म्हनत नाई मी. पन आमचा पट पाऊनच फॉर्म म्हनते, राम राम, या आता. मंग ते राज्य सरकारच्या सुंदर शाळा स्पर्धेचं आलं, राज्यात पयल्या नंबरले ५१ लाख. भिंती रंगवल्या गावानं वर्गनी करून. चांगल्या दिसतेत अजून. नंबर काई आला नाई.

आता पटाचं सांगतो. मांगच्या साली ३४ पोट्टे होते. ३० च्या वर पट, म्हनून वर्साचं अनुदान २५,००० रुपये. यंदा पाच पोट्टे व्हॅनमंदी बसून कॉन्व्हेंटले गेले. पट २९. आता अनुदान १०,०००. पोट्टे पाच कमी झाले, पन छत तेवढंच, भिंती तेवढ्याच, लाइटबिलही तेवढंच. त्या दहातले एक हजार स्वच्छतेले. रायले नऊ. दिवाळीपासून मीटर कापलेलं हाय, मोटर त्याच्या आंधीच जयाली. पोट्टे घरून बाटल्या आनते. मार्चात सकायची शाळा असते, तरी अकरा वाजता पत्रा असा तापते का मास्तरही दाराकडे पायते.

तुमाले द्याचंच असंन तर मोटर बसवून द्या अन् तीन वर्साचं लाइटबिल भरा. याले गुन किती देता तेवढं सांगा."

प्रेषक: सचिव

मामांना मंडळातर्फे नमस्कार कळवा. नमुना अर्ज मागे घेत आहे. आठवं पान मीच लिहिलं होतं, तेव्हा मला थोडं वाईट वाटायचा हक्क आहे.

ताईंचा मुद्दा मात्र सोडायचा नाही. ओळखीवर द्यायचं नाही, मामांच्या शाळेलासुद्धा नाही. तालुक्यातल्या ३० किंवा कमी पटाच्या शाळांची यादी काढू, प्रत्येकीला फोन करू. विचारायचं एवढंच: काय बंद पडलंय आणि चालू करायला किती लागतील? फोन आपण करायचा, लिहून आपण घ्यायचं. फोनच्या कामाला पाच जण हवेत, वऱ्हाडी समजणारे असले तर उत्तम.

आता पैशाची अडचण. मंडळ म्हणजे भारतीय कायद्याच्या दृष्टीनं परदेशी संस्था. आपले पैसे घ्यायला तिकडच्या संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते, ती शाळा व्यवस्थापन समितीकडे कुठून असणार? त्यामुळे ६,००० डॉलर नोंदणी असलेल्या संस्थेलाच द्यावे लागतील. ती शोधेपर्यंत ते हलणार नाहीत. मात्र ज्यांचं भारतीय नागरिकत्व कायम आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगीत धरत नाहीत. ओसीआय कार्डवाल्यांचे, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांचे, धरतात. मामांची मोटर या मार्गानं लवकर होईल. तेव्हा भारतीय पासपोर्ट कुणाकुणाचा आहे, कळवा.

प्रेषक: भाऊ, एडिसन

ओसीआय.

प्रेषक: ताई, विल्मिंग्टन

ओसीआय. फोन करायला माझं नाव लिहा.

प्रेषक: वहिनी, प्रिन्स्टन

माझा भारतीयच आहे, मोटरचे मी देते. पण इथल्या नागरिकत्वाचा अर्ज भरून झालाय, मुलाखतीची तारीख कधीही येईल. आपल्याकडच्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात ना? भाऊ, मामांना आजच सांगा, मोटरवाल्याचं कोटेशन घेऊन ठेवा म्हणावं.