पहिला मान कोणाचा, मॅगी वॉकर की रेजिनाल्ड लुईस?

नदीकाठ: अमेरिकेतल्या ब्लॅक उद्योजकांचा विषय निघाला की गाडी थेट रेजिनाल्ड लुईसवर जाते. १९८७ मध्ये त्याने बीट्रिस या खाद्यपदार्थांच्या कंपनीचा परदेशातला धंदा ९८.५ कोटी डॉलरला घेतला, मोठंच काम, पण माझ्या मते पहिला मान मॅगी लीना वॉकरचा. आई व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये लोकांचे कपडे धुवायची, ही पोर धुतलेल्या कपड्यांच्या टोपल्या गोऱ्यांच्या घरी पोचवायची, आणि १९०३ मध्ये हिने सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक काढली, अमेरिकेत बँकेची सनद मिळवणारी पहिली ब्लॅक बाई. मुलांना पैसे साठवायला पुठ्ठ्याच्या छोट्या पेट्या दिल्या, एक डॉलर साठला की बँकेत खातं. आणि त्याच चिल्लर ठेवींतून लोकांना घरासाठी कर्ज!

दगडी_चाळ: आदर आहेच, पण पटत नाही. आपल्यातच पैसा फिरवून किती पुढे जाणार? मॅगीबाईंनी १९०५ मध्ये दुकान काढलं तर गोऱ्या व्यापाऱ्यांनी घाऊकवाल्यांवर दबाव आणला की यांना माल देऊ नका, शेवटी बंद करावं लागलं. त्याआधी गुलामीतून सुटलेल्यांसाठी काढलेली फ्रीडमन्स बँक १८७४ मध्ये बुडाली, साठेक हजार खातेदार, बहुतेक नुकतेच गुलामीतून सुटलेले. लुईसने १९८४ मध्ये कपडे शिवायचे नमुने विकणारी मॅकॉल पॅटर्न कंपनी सव्वादोन कोटी डॉलरला घेतली, त्यात रोख फक्त १० लाखांच्या आसपास, बाकी कर्ज. वॉल स्ट्रीटचा खेळ वॉल स्ट्रीटच्याच नियमांनी जिंकला, ते दार तोवर बंदच होतं ना?

नदीकाठ: फ्रीडमन्सचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातंय. ती बँक ब्लॅक लोकांच्या पैशावर चालायची पण कारभार बहुतेक गोऱ्यांच्या हातात, ठेवी सट्टेबाजांना कर्जाऊ दिल्या, आणि सगळं पोखरून झाल्यावर अगदी शेवटी फ्रेडरिक डग्लसला, म्हणजे स्वतः गुलामीतून सुटलेल्या नामांकित ब्लॅक नेत्याला, अध्यक्ष केलं, त्या माणसाने स्वतःचे १०,००० डॉलर घातले तरी वाचली नाही. म्हणून तर मॅगीबाई म्हणत होत्या की बँक आपली हवी, किल्ल्या आपल्याकडे हव्यात. दुकान गेलं, बँक नाही गेली. १९३० च्या मंदीत दुसऱ्या ब्लॅक बँकांबरोबर एक होऊन तगली आणि पार २००५ पर्यंत ब्लॅक मालकीचीच होती.

पारावरची: मी नदीकाठच्या बाजूने. लुईस १९९३ मध्ये पन्नाशीतच गेला, बायकोने नेटाने सांभाळली पण काही वर्षांत कंपनी विकून मोडीत निघाली. हुशार माणूस, पण एका माणसावर उभं असलेलं किती टिकणार.

दगडी_चाळ: टिकणं म्हणजे फक्त कंपनीच का? जाण्याआधी त्याने हार्वर्डच्या लॉ कॉलेजला ३० लाख डॉलर दिले, तिथल्या एका इमारतीला त्याचं नाव आहे, हार्वर्डमध्ये ब्लॅक माणसाच्या नावाची ती पहिली इमारत. लुईसच्याच बाल्टिमोर गावचा एखादा मुलगा आत शिरताना ती पाटी वाचतो, त्याला काहीच किंमत नाही?

नदीकाठ: किंमत आहे, नाही कुठे म्हटलं. पण रिचमंडच्या धोबिणीला पाटी नको होती, घर हवं होतं, आणि ते बँकेने दिलं.