लेयरवर इरेजर फिरवला की पारदर्शक होण्याऐवजी पांढरं का होतं? (गिंप)

कोरापडदा:
गिंप २.१० (फोटो संपादनाचं सॉफ्टवेअर) वापरतोय. एका फुलदाणीच्या फोटोतली मागची भिंत काढून तिथे दुसरी पार्श्वभूमी बसवायची आहे. पार्श्वभूमीचा फोटो खालच्या लेयरवर (चित्राच्या थरावर) आहे, फुलदाणीचा वरच्या. पण वरच्या लेयरवर इरेजर फिरवला की खालचं चित्र दिसण्याऐवजी पांढरे पट्टे येतात. शिवाय मूव्ह टूलने फुलदाणी सरकवायला गेलं की कधी कधी मागचाच फोटो सरकतो. आणि एक्सपोर्ट केलेली जेपीजी पुन्हा उघडली की सगळं एकाच लेयरमध्ये येतं. सेटिंग कुठे चुकतंय?

रेषाबिंदू:
पांढरे पट्टे येतात कारण त्या लेयरला अल्फा चॅनल, म्हणजे पारदर्शकतेची नोंद ठेवणारा भाग, नाही. जेपीजीमध्ये पारदर्शकता नसतेच, त्यामुळे तिथून उघडलेला लेयरही तसाच येतो. लेयरच्या यादीत त्याचं नाव ठळक अक्षरात दिसतं, ती खूण. अशा लेयरवर इरेजर बॅकग्राउंड कलर फासतो, आणि तो बहुतेकदा पांढरा असतो. लेयर > ट्रान्सपरन्सी > अ‍ॅड अल्फा चॅनल केलं की काम झालं.

मूव्ह टूल मुळात कर्सरखाली जो लेयर सापडेल तो उचलतं. फुलदाणीच्या बाहेर, पारदर्शक जागी क्लिक केलं तर त्याला खालचाच लेयर मिळणार. टूल ऑप्शन्समध्ये ‘मूव्ह द अ‍ॅक्टिव्ह लेयर’ निवडा, किंवा तेवढ्यापुरतं शिफ्ट दाबून ओढा.

लेयर टिकवायचे तर कंट्रोल + एस ने एक्ससीएफ (गिंपची स्वतःची, लेयर सांभाळणारी फाइल) सेव्ह करा. जेपीजी ही फक्त बाहेर द्यायची प्रत, काम नेहमी एक्ससीएफवर चालू ठेवा. पीएनजी पारदर्शकता सांभाळते, पण लेयर तीही सांभाळत नाही.

छटा_मास्क:
वरचं सगळं बरोबर आहे, पण मुळात इरेजर वापरूच नका. पुसलेले पिक्सेल फाइल बंद केली की कायमचे गेले. उद्या फुलदाणीचा कान थोडा जास्त कापला गेलाय असं दिसलं तर तो परत कुठून आणणार? हे काम लेयर मास्कचं, म्हणजे लेयरचे भाग न पुसता झाकणाऱ्या काळ्या-पांढऱ्या थराचं आहे.

फुलदाणीची कड स्पष्ट असते, तेव्हा पाथ टूलने बाह्यरेषा आखा आणि एंटर दाबून तिचं सिलेक्शन करा. मग सिलेक्ट > श्रिंक (सिलेक्शन आत ओढणं) १ पिक्सेल, त्यानंतर सिलेक्ट > फेदर (त्याची कड मऊ करणं) २ पिक्सेल. श्रिंक टाळू नका. कडेच्या पिक्सेलमध्ये जुन्या भिंतीचा रंग मिसळलेला असतो, आणि नवी पार्श्वभूमी गडद असेल तर फुलदाणीभोवती फिकट किनार उठून दिसते. आता लेयरवर राइट क्लिक > अ‍ॅड लेयर मास्क > सिलेक्शन. लगेच कंट्रोल + शिफ्ट + ए ने सिलेक्शन काढून टाका. ते राहिलं तर त्याच्या बाहेर ब्रश उमटणार नाही आणि टूल बिघडलंय असं वाटेल.

मास्कवर काळ्याने रंगवलं की झाकलं जातं, पांढऱ्याने उघडं होतं, राखाडीने अर्धवट दिसतं. डी दाबलं की रंग काळा-पांढरा होतो, एक्सने अदलाबदल. कड दुरुस्त करताना २०० ते ३०० टक्के झूम ठेवा आणि ब्रशची हार्डनेस फोटोतल्या कडेइतकीच ठेवा: फोकसमधल्या तोंडाला ७५–९०, मागे धूसर झालेल्या कानाला ३०–४०. सगळीकडे एकच ब्रश फिरवला की कात्रीने कापून चिकटवल्यासारखं दिसतं.

फोटोवरच काळे फराटे उमटले तर मास्कऐवजी चित्राचा थंबनेल (लेयरच्या यादीतलं छोटं चित्र) निवडलेला आहे. कंट्रोल + झेड करून उजवीकडच्या मास्क थंबनेलवर क्लिक करा. पांढरी चौकट कोणाभोवती आहे ते ब्रश टेकवण्याआधी बघायची सवय लावा.

शेवटी मास्क थंबनेलवर ऑल्ट + क्लिक करा. नुसता काळा-पांढरा मास्क दिसतो आणि भिंतीच्या जागी राहिलेले राखाडी ठिपके, जे एरवी नजरेला पडत नाहीत, तिथे चटकन सापडतात. कंट्रोल + क्लिकने मास्क तात्पुरता बंद होतो. काही लिनक्स डेस्कटॉपवर ऑल्ट + क्लिक खिडकीच पकडतं. तिथे लेयर > मास्क > शो लेयर मास्क वापरा.

गडदफिकट:
सावलीचं कोणी बोललं नाही. ती नसेल तर कड कितीही नीट कापा, फुलदाणी हवेत तरंगते. दोन्ही लेयरच्या मध्ये नवा पारदर्शक लेयर घ्या, मोड मल्टिप्लाय (खालचं चित्र गडद करणारा), ऑपॅसिटी (अपारदर्शकता) ३५ च्या आसपास. मऊ काळ्या ब्रशने तळाशी रंगवा, मग गॉसियन ब्लर (धूसर करणारा फिल्टर). ३००० पिक्सेल रुंद चित्राला २०–३० पुरतो. बूड जिथे टेकतं तिथली बारीक गडद रेघ मात्र वेगळ्या लेयरवर, फार कमी ब्लर देऊन काढा. सावली एका बाजूला सरळ रेषेत तुटली तर लेयर चित्रापेक्षा लहान आहे. ब्लरच्या आधी लेयर > लेयर टू इमेज साइझ करा.

फोटोशॉपवाल्यांसाठी: बॅकग्राउंड लेयरच्या कुलुपावर क्लिक केल्यावर तो लेयर ० होतो. मास्क बंद करायला तिथे शिफ्ट + क्लिक, बघायला ऑल्ट + क्लिकच. कर्व्ह्‌जचा अ‍ॅडजस्टमेंट लेयर (मूळ चित्र न बदलता उजेड-रंग बदलणारा) खालचं सगळंच उजळतो; फक्त फुलदाणी उजळायची तर दोन लेयरमधल्या रेषेवर ऑल्ट + क्लिक करून क्लिप करा. गिंप २.१० मध्ये अ‍ॅडजस्टमेंट लेयर नाहीत, म्हणून लेयरची डुप्लिकेट काढून तिच्यावर कर्व्ह्‌ज चालवा. २०२५ मध्ये आलेल्या ३.० मध्ये फिल्टर लेयरला जोडलेले राहतात आणि नंतरही बदलता येतात.

कोरापडदा:
अल्फा आणि मास्क दोन्ही जमलं, कडही स्वच्छ आली. आता ६००० × ४००० चं चित्र आणि दहा लेयर झाल्यावर गिंप अडखळतोय. लेयर मर्ज करून (एकत्र जोडून) टाकू का?

रेषाबिंदू:
इतक्यात नको. त्या मापाचा एक पूर्ण लेयर ८ बिटमध्ये (प्रत्येक रंगघटकाला ८ बिट) सुमारे ९६ एमबी मेमरी घेतो: २ कोटी ४० लाख पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट. आधी इमेज > प्रिसिजन बघा. तिथे ३२ बिट असेल तर हाच आकडा चौपट होतो. मग सावलीसारख्या छोट्या लेयरवर, ब्लर आटोपल्यावर, लेयर > क्रॉप टू कन्टेन्ट करा. रिकामी पारदर्शक जागाही मेमरी अडवते, ती सुटेल. तरीही जड वाटलं तर एक्ससीएफची प्रत वेगळ्या नावाने ठेवा आणि ज्या लेयरना पुन्हा हात लावायचा नाही तेवढेच मर्ज डाउन करा. मास्क असलेला फुलदाणीचा लेयर त्यात घेऊ नका.